बटाईच्या रानाचा पंचनामा

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदी पात्र सोडून वाहिली आणि पाणी ओसरताच परंडा तालुक्यातील नदीकाठच्या शिवारांत आम्हाला पंचनाम्यासाठी उतरावे लागले. मी कृषी विभागाचा गावपातळीवरचा कर्मचारी. सोबत तलाठी आणि ग्रामसेवक होते. सुरुवातीच्या रानांत सोयाबीन उभे होते, पण शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच कोंब फुटले होते. मदतीसाठी लागणारे तेहतीस टक्क्यांच्या वरचे नुकसान आहे की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाही नाही.

अडचण आली ती नदीच्या वळणावरच्या एका गटात. तिथली हातभर काळी माती पुराने खरवडून नेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता आणि तुरीची झाडे मुळांसकट बांधावरच्या बाभळीत अडकली होती. सातबारा पुण्यात नोकरी करणाऱ्या मालकाच्या नावावर होता. रान दाखवायला आलेले तात्या हे बटाईदार, म्हणजे पिकातल्या वाट्यावर दुसऱ्याचे रान कसणारे. बियाणे, खत आणि फवारणीची औषधे त्यांनी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेली.

मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. जमिनीला कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क तयार होईल, या धास्तीने मालक बटाईचा कागद करत नाहीत, आणि कागद नसल्यामुळे कसणाऱ्याला पीकविमा नाही, पीककर्ज नाही, शासकीय मदतही नाही. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आणि जमीन खरडून गेल्यास अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये हे मदतीचे मूळ निकष, पण ती रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाच्या बँक खात्यात जमा होते. जमिनीचे नुकसान मालकाचेच आहे, हे मला मान्य आहे. पिकाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

शेऱ्यात निदान बटाईचा उल्लेख करतो, असे मी म्हणालो, तेव्हा तात्यांनीच मला थांबवले. "साहेब, माझं नाव कुठं घालू नका. मालकाला कळलं तर पुढल्या साली रान दुसऱ्याला जाईल." मातीच उरली नसताना पुढच्या सालाची गोष्ट निघावी, याचे मला नवल वाटले. परंतु स्वतःचा सातबारा नसलेल्या माणसाकडे मालकाच्या मर्जीखेरीज दुसरे काहीच नसते, आणि ती पुरात गेलेली नव्हती.

तात्यांनी पंच म्हणून सावकाश, नीट अक्षरात सही केली. उधारी फेडायला थोरला मुलगा आणि सून यंदा मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणार असल्याचे ते सांगत होते. नातवंडांना गावी ठेवायचे की फडावर न्यायचे, एवढेच ठरायचे होते. गावातल्या हंगामी वसतिगृहाची चौकशी त्यांनी माझ्याकडे केली आणि मी मुख्याध्यापकांचा फोन नंबर त्यांना लिहून दिला. तेवढ्यात तलाठ्यांना मालकाचा फोन आला. आधार जोडलेले खाते कोणते द्यायचे, हे त्यांना विचारायचे होते.