मेसिनाची सामुद्रधुनी : ओडिसिअसच्या वाटेवर

इटलीचं टोक आणि सिसिली बेट यांच्यामधली समुद्राची चिंचोळी पट्टी म्हणजे मेसिनाची सामुद्रधुनी. इटलीच्या बाजूच्या व्हिला सान जोव्हान्नीहून पॅसेंजर गाडीने स्किला गावाला पोचायला दहा-बारा मिनिटं लागतात. गावात शिरलो की समुद्रात घुसलेला कडा दिसतो, वर रुफो किल्ला. सहा डोक्यांची, बारा पायांची, दातांच्या तीन-तीन रांगा असलेली ग्रीक पुराणातली राक्षसी स्किला इथलीच, असं मानतात. समोर सिसिलीचं टोक कापो पेलोरो, समुद्र गिळून ओकणारी, भोवऱ्याच्या रूपातली राक्षसी कॅरिब्डिस तिथली. ट्रॉयच्या युद्धाहून घरी परतणाऱ्या ओडिसिअस राजाची कथा सांगणाऱ्या ‘ओडिसी’ महाकाव्यात ग्रीक कवी होमरने दोघींत बाणाच्या टप्प्याएवढंच अंतर ठेवलंय. प्रत्यक्षात ते साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरतं.

पाणी मात्र खरोखर फिरतं. उत्तरेला तिऱ्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन. भरती दोन्हीकडे वीत-दीड वीतच, पण एकीकडे भरती तेव्हा दुसरीकडे ओहोटी. पाण्याला उतार मिळतो आणि मधल्या उथळ उंबरठ्यावरून, म्हणजे सुमारे ८० मीटर खोलीवरून, उधाणाला ते चार-पाच नॉटने, म्हणजे ताशी सात ते नऊ किलोमीटरने, धावतं. साधारण सहा तासांनी दिशा उलटते. आयोनियनचं पाणी जास्त थंड, जास्त खारं, म्हणून जड. ते हलक्या पाण्याला भिडतं तिथे भोवरे उठतात. खोल अंधारातले मासे, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले, याच उसळीने वर येऊन कधीकधी वाळूवर पडतात.

भोवरे बघायचे तर अमावस्या-पौर्णिमेचे दिवस धरा. प्रवाहाचं वेळापत्रक आधी पाहून, वारा पडलेला असताना पेलोरोच्या किनाऱ्यावर उभे राहा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या अष्टमीच्या आसपासच्या, दिवशी गेलात तर फारसं काही दिसणार नाही. पाण्यात उतरू नका.

इथे उभं राहिल्यावर जादूगार देवी सर्सीने ओडिसिअसला दिलेला सल्ला किती नेमका होता ते कळतं: स्किलाच्या कड्याला चिकटून, न थांबता वल्हव, सगळं जहाज गमावण्यापेक्षा सहा माणसं गेलेली बरी. शस्त्रं चढवत थांबलास तर ती आणखी सहा उचलेल. ओडिसिअसने तरी चिलखत घातलं, दोन भाले घेतले. खलाशांना स्किलाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. भीतीने वल्ही टाकतील म्हणून. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. पण सगळ्यांचे डोळे भोवऱ्यावर खिळले आणि तेवढ्यात सहा जण वर उचलले गेले.

पुढे जहाज फुटलं आणि तो पुन्हा इथेच वाहत आला, तेव्हा एकटा होता. जहाजाचा कणा आणि डोलकाठी चामड्याच्या दोरीने बांधून त्यावर बसलेला. या वेळी कॅरिब्डिसने लाकडं गिळली, तेव्हा वरच्या अंजिराच्या झाडाला तो वटवाघळासारखा लटकून राहिला. झुंजला नाही, वेळ काढली. संध्याकाळी तिने लाकडं ओकली, तसे त्याने हात सोडले आणि पाण्यात पडून, लाकडांवर चढून, हातांनीच वल्हवत निघाला.