मृत्यूकडे नोकरीला लागलेला पोरगा आणि आमचं गाईड

आमच्या घोडबंदर रोडच्या वाचन ग्रुपमध्ये सध्या टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'मॉर्ट' ही कादंबरी चालूये, १९८७ची, डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी सिरीजमधली चौथी, आणि सोबत एक रीडिंग गाईड, प्रिंटआऊट काढून सगळ्यांना वाटलेलं. आता पुस्तकाला मुळात चॅप्टरच नाहीत आणि गाईडवाले भाग एक भाग दोन करून बसलेत, त्यामुळे कुठपर्यंत वाचून यायचं यावरच दर वेळी आधी भांडण.

गोष्ट म्हणजे मॉर्ट नावाच्या धांदरट पोराला साक्षात मृत्यू शिकाऊ म्हणून ठेवून घेतो. आपल्या यमाकडे रेडा, याच्याकडे पांढरा घोडा, तोही जिवंत, नाव काय तर बिंकी! आधी हाडांचा घोडा वापरून बघितला होता म्हणे, पण सारखं थांबून गळलेले तुकडे तारेने बांधावे लागायचे. गाईड इथे विचारतं, 'लेखकाने मृत्यूचे मानवीकरण कसे साधले आहे?' अरे बाबा, आधी हसू तर दे.

एक प्रश्न मात्र भारी होता. मॉर्ट ज्या राजकन्येचा जीव न्यायला जातो तिलाच मरू देत नाही, ते बरोबर की चूक? कारण इतिहासाने तिला मेलेलीच धरलंय, त्यामुळे ती समोर उभी असली तरी लोकांच्या लक्षातच येत नाही. यावर आमच्या एक रिटायर्ड काकू म्हणाल्या, माझं पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला सेम झालं, मी काउंटरवर उभी आणि कॉम्प्युटर म्हणतो मी नाहीच! मग काय, तासभर तेच, गाईडचे उरलेले प्रश्न तसेच राहिले. राहू देत. पुढच्या रविवारी मृत्यू सगळं सोडून हॉटेलात कुक म्हणून लागतो तो भाग आहे.