आमची वाटचाल: विसावा माणूस

दुसऱ्यांच्या कामगारांचे पगार काढून देणं हा आमच्या छोट्या फर्मचा धंदा. सुरुवातीला हजेरी, कपाती, चलन एवढंच काम होतं. हळूहळू मालक लोक वेगळंच विचारू लागले: "अजून एक माणूस घेतला तर मला किती पडेल?" सल्ल्याचं काम वाढलं ते तिथूनच.

हा प्रश्न हमखास एकोणीस माणसांवर येतो. २० झाली की पीएफचा कायदा लागतो. तोही विसाव्यापुरता नाही, पात्र असलेल्या सगळ्यांसाठी, आणि पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. म्हणजे मालकाला विसाव्या माणसाचा पगार दिसतच नाही, उरलेल्यांसाठी स्वतः भरायचा १२ टक्के वाटा दिसतो. मग ठेकेदाराची माणसं घेऊ का, भावाच्या नावावर दुसरी फर्म काढू का, अशी चाचपणी सुरू होते. ठेक्याची माणसंही मोजली जातात आणि एकाच धंद्याचे तुकडे कायदा एकत्र धरतो, हे सांगितलं की फोनवर जरा शांतता पसरते. बरेचजण मग ओव्हरटाइमवर भागवतात.

कामगारही रेषा बघूनच चालतो. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटतो. घरात आजारपण असलेला माणूस अशा वाढीला नको म्हणून हात जोडतो, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. अशा वेळी आम्ही वाढ एप्रिलऐवजी मेमध्ये द्यायला सुचवतो. एप्रिलमध्ये वर्गणीचा सहा महिन्यांचा काळ सुरू झाल्यावर पगार वाढला तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, माणूस योजनेत राहतो.

बाहेरच्या देशांचे नियम वाचू लागलो तर तिथंही हेच. जर्मनीत 'मिनीजॉब'ची, म्हणजे वर्गणीत सूट असलेल्या छोट्या नोकरीची, पगारमर्यादा महिना ४५० युरोंवर अडकली होती. किमान वेतन वाढलं की मर्यादेत राहण्यासाठी लोकांना तास कमी करावे लागत. ऑक्टोबर २०२२ पासून ती मर्यादा किमान वेतनालाच जोडली. फ्रान्समध्ये ५० कामगार झाले की जास्तीची बंधनं लागतात, म्हणून त्याच्या अलीकडे थांबणाऱ्या कंपन्या बऱ्याच. तिथं २०१९ च्या कायद्याने अनेक बंधनं लागू होण्याआधी सलग पाच वर्षं संख्या ओलांडलेली असण्याची अट घातली.

अशी सवड आपल्याकडे मिळाली तर आमचे काही ग्राहक विसावा माणूस लगेच घेतील. काही तरीही घेणार नाहीत. त्यांना पैशांपेक्षा तपासणीचीच धास्ती जास्त आहे.