सासूबाईंना चालणारा सिंगापुरी खाऊ

लेक सिंगापूरहून सोलापूरला आली की खाऊची वाटणी एकाच प्रश्नावर होते. "अगं, यात अंडं आहे का?" सासूबाई विचारतात आणि लेक हळूच "हो आजी" म्हणते. विमानातून टिकून येतं ते सगळं अंड्याचंच. पांदान नावाच्या सुवासिक पानांचा हिरवा, हलका शिफॉन केक, आणि तो लापिस. इंडोनेशियात डचांच्या काळात जन्मलेला हा केक म्हणजे पेशन्सचं काम: पातळ थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग त्यावर पुढचा. लोणी आणि बलक सढळ हाताने. दालचिनी, लवंग, जायफळही असतं. मला फार आवडतो. सासूबाई नुसता वास घेऊन म्हणतात, "मसाला चांगला पडलाय."

खरं तर ही खोकी ज्या 'बेंगावान सोलो'मधून येतात, तिथे सासूबाईंना चालेल असं पुष्कळ असतं. लेकीकडे गेले होते तेव्हा मी त्या काचेपुढून हलत नव्हते. दुकान १९७९ सालचं. इंडोनेशियातून आलेल्या अनास्तासिया लिऊ बाई आधी घरीच केक करून विकायच्या. म्हणायला बेकरी, पण बऱ्याच मालाने ओव्हन बघितलेलाच नसतो. तांदळाचं पीठ, टॅपिओका, नारळाचं दूध, माडाचा गूळ; सगळं वाफवलेलं नाहीतर उकडलेलं. याला तिकडे कुए म्हणतात. चिकट भाताची एक वडी तर चक्क निळी असते, गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेली. आमच्या दारच्या वेलाची फुलं सोमवारी महादेवाला जातात, तिकडे ती भातात! (त्या वडीसोबत काया नावाचा जॅम देतात. त्यात अंडं. सासूबाईंसाठी वडी नुसतीच.)

पण हा माल त्याच दिवशी खायचा. खोबरं आंबतं, तांदूळ कडक होतो. आमच्या सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून त्यातलेच ओंदे-ओंदे, म्हणजे आत गूळ भरून उकडलेल्या चिकट तांदळाच्या गोळ्या, घरीच करायला घेतले.

मोदकाची पिठी इथे उपयोगाची नाही, चिकट तांदळाचंच पीठ लागतं. त्या तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जवळजवळ नसतं, म्हणून ते असं ताणलं जातं. पाकीट लेकीने आणलं, पांदानच्या अर्काची बाटलीही. गूळ मात्र आपला कोल्हापुरी, बारीक चिरलेला. सुपारीएवढी गोळी, आत गूळ, कुठे चीर राहू द्यायची नाही. उकळत्या पाण्यात सोडली की आधी तळाला बसते; वर तरंगली की आणखी जरा ठेवायची, म्हणजे आतला गूळ पुरता विरघळतो. मग ओल्या नारळाच्या चवात घोळवायची. चव आधी चिमूटभर मीठ घालून वाफवून घ्यावा. मीठ विसरलात तर नुसतं गोडमिट्ट लागतं. आणि गोळी अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे. अर्धी चावलीत तर गुळाची चिळकांडी समोरच्याच्या अंगावर.

शेजारच्या अक्का तेलुगू पद्मशाली, सणासुदीला त्यांच्याकडे पूर्णम बूरेलू, म्हणजे पुरणाचे तळलेले गोळे असतात. एक खाऊन म्हणाल्या, "ही तर न तळलेली बूरेलू."

सासूबाईंची पहिली गोळी कवळीला चिकटली. उठून कवळी धुतली, बसवली आणि दुसरी मागितली. लेकीला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला केक कमी आण, पिठाची पाकिटं जास्त. एक अक्कांनाही हवंय.