पावणेदोन तासांची दुबई

मुलगी दुबईला राहायला गेल्यापासून हिला मनातल्या मनात दीड तास वजा करण्याची सवय लागली आहे. फोन करण्यापूर्वी ओट्याशी उभ्याउभ्या ती पुटपुटते, "आपले आठ, म्हणजे तिचे साडेसहा, उठली नसेल अजून." मी मात्र या दीड तासाकडे जानेवारीत तिकिटे हाती येईपर्यंत कधी नीट पाहिले नव्हते.

तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ सकाळी १० आणि दुबईला उतरण्याची ११.४५ अशी होती. परतीचे विमान १० वाजता निघून दुपारी २.२० ला मुंबईत पोचणार होते. जाताना पावणेदोन तास आणि येताना चार तास वीस मिनिटे! शेजारच्या काकांच्या मते येताना सगळेच सोने घेऊन येतात, तेव्हा विमान जड व्हायचेच.

दीड तासाचा हिशेब नीट लावला, तर जाताना सव्वातीन तास आणि येताना दोन तास पन्नास मिनिटे लागतात. उरलेली पंचवीस मिनिटे बहुतांशी वाऱ्याची, कारण हिवाळ्यात या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात; ते जाताना विमानाला तोंडावर लागतात आणि येताना पाठीशी असतात. मुंबई ते दुबई हे हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून गुवाहाटी त्याहून दूर पडते. ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत संपायला हवे. पण वेळापत्रक विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ मोजते, आणि त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे, क्वचित घिरट्या घालणे, सगळेच आले.

मला खरी मौज वाटली ती सूर्याच्या हिशेबाची. दोन्ही शहरांच्या रेखांशांत साडेसतरा अंशांचे अंतर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्याच्या लेखी फरक सत्तर मिनिटांचाच. वरची वीस मिनिटे माणसांनी ठरवलेल्या प्रमाणवेळांची. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, १९५५ पर्यंत, शहराने ती सोडली नव्हती. तो हट्ट मला आता अगदीच वेडेपणाचा वाटत नाही.

प्रत्यक्षात आम्ही डोंबिवलीहून पहाटे साडेपाचला निघालो. आदल्या रात्री काट्याला अडकवून बॅग तीनदा तोलली गेली होती आणि लोणच्याच्या बरणीला चार प्लास्टिकच्या पिशव्या चढल्या होत्या. विमानात समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर भराभर कमी होत होते. खाली बराच वेळ नुसते पाणी होते, मग ओमानचे करडे, उघडेबोडके डोंगर दिसले, आणि त्यांच्याकडे नीट पाहीपर्यंत पट्टा बांधण्याची सूचना झाली.

मुलीच्या घरी पोचताच हिने डबा उघडून पोळ्या काढायला घेतल्या. "आई, आत्ताशी एक वाजतोय, इतक्यात जेवण?" मुलीने विचारले. हिने काही न बोलता मनगट पुढे केले. त्यावर अडीच वाजले होते.