कॅसेट चालू असताना माउसला हात लावू नका

जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना मी मशीनला कोणाला हात का लावू देत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर दर लग्नसराईत कोणी ना कोणी विचारतं आणि मी हसून विषय बदलतो. कॅसेट उतरवायला घेतली की मी नेट बंद करतो, अँटिव्हायरस बंद करतो, कोणाला पेनड्राइव्हसुद्धा लावू देत नाही. "काका, कॉम्प्युटर आहे का लाजाळूचं झाड?" असं परवाच एक पोरगा म्हणाला. वर सल्ला, एसएसडी टाका, आय-सेव्हन घ्या.

अरे बाबा, वेगाचा प्रश्नच नाही. डीव्हीला, म्हणजे डिजिटल व्हिडिओ कॅसेटला, सेकंदाला साडेतीन-पावणेचार एमबी लागतात, तासाला १३ जीबी. जुनी हार्डडिस्कही एवढं सहज लिहिते. फक्त मध्ये खंड पडता कामा नये. फाइल कॉपी करताना मशीन अडकलं तर कॉपी थांबते आणि मग पुढे जाते. कॅसेट थांबत नाही. सेकंदाला २५ फ्रेम येतच राहतात, झेलायला कोणी नसलं की पडतात.

हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, तरीही झालं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं. ओसरल्यावर एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅसेट घेऊन आल्या. वडिलांचं हौशी नाटक, वडील आता नाहीत, दुसरी प्रत नाही. नाट्यपंढरीत अशा कॅसेटी घरोघरी असतील, पण ही एकच होती. मी टेप काढली, गाळ पुसला, सावलीत वाळवली, दुसऱ्या कव्हरात भरली. टेपवरचा चुंबकीय लेप सुटायला लागला होता. एकदाच चालेल, हे मी त्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

सुरुवातीची २० मिनिटं पडलेल्या फ्रेमचा आकडा शून्य होता. मी निवांत झालो आणि त्याच मशीनवर दुसऱ्या खिडकीत एका श्रद्धांजलीचा फ्लेक्स उघडला. अर्जंट होता. पूर ओसरला होता, माणसं गेली होती, कोणाला नाही म्हणणार? परत पाहिलं तर आकडा ३७. फ्लेक्स बंद केला तरी ९०, १४०. कॅसेट थांबवावी तर भिजून खराब झालेली टेप प्लेअरच्या फिरत्या ड्रमला चिकटायची भीती. चालू ठेवली. २१२ वर आकडा थांबला तेव्हा आतून करकर आवाज आला आणि टेप फाटली.

२१२ फ्रेम म्हणजे साडेआठ सेकंद. किरकोळ वाटतं ना? पण त्या विखरून पडल्या नाहीत, जवळजवळ सगळ्या एकाच जागी गेल्या. वडील हात वर करून बोलायला लागतात आणि पुढच्या क्षणी हात खाली, तोंड मिटलेलं. डीव्हीत आवाजही फ्रेमबरोबरच जातो. वाक्य गेलं.

ताईंना मी म्हणालो, "टेपच खराब होती."

रात्री विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडला. डिस्क डीएमए या डेटा न्यायच्या वेगवान मोडवरून पीआयओ या जुन्या, संथ मोडवर घसरलेली. डिस्क जोडायची आयडीई केबल सैल होती, आणि विंडोज एक्सपीला डेटा पोचवताना सहा चुका मोजता आल्या की तो आपणहून खालच्या मोडवर जातो, कोणाला न सांगता. डीएमएत डिस्कचा कंट्रोलर स्वतःच मेमरीतून माल उचलतो. पीआयओत प्रोसेसरला पोतं न् पोतं पाठीवर न्यावं लागतं. मार्केट यार्डात अडत्यानेच हमाली केली तर गल्ल्यावर कोण बसणार? केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्कचा चॅनल काढून मशीन पुन्हा चालू केलं, दुसरी धड कॅसेट लावली. शून्य.

म्हणजे टेप खराब नव्हती? होती की. ती फाटलीच. पण त्या फ्रेम टेपने पाडल्या, मशीनने पाडल्या की माझ्या फ्लेक्सने, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. मोड आधी तपासला असता तर फ्लेक्सनेही काही झालं नसतं, असं मी स्वतःशी म्हणतो. मग वाटतं, फ्लेक्स नसता तर पीआयओवरही निभावलं असतं. पहिली २० मिनिटं निभावलंच होतं. आणि केबलचं ताईंना आजवर सांगितलेलं नाही.

गेल्या दिवाळीत त्या आल्या होत्या. "नवीन मशीन घेतलंत ना? आता उतरेल का ती?"

फाटलेली टेप माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. मी "बघतो" म्हणालो.