कॉलेज स्विमिंगसाठी कोचला मेल कधी करायचा, आणि त्याआधी काय

न्यू जर्सीत मुलीच्या स्विमिंग रिक्रूटिंगमधून (कॉलेजच्या टीमसाठी होणारी निवड) आम्ही नुकतेच बाहेर पडलो. ओळखीचे पालक विचारतात, सुरुवात कधी करायची? कोचशी बोलणं दहावी संपताना. विषयांची निवड मात्र नववीत, आणि जास्त करून तिथेच अडतं.

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था. तिच्या पहिल्या डिव्हिजनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, 16 कोअर (मूलभूत) विषय लागतात: इंग्रजीची 4 वर्षं, गणिताची 3 (अल्जेब्रा 1 आणि पुढचं), विज्ञानाची 2, बाकी इतर. त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की या 10 विषयांचे ग्रेड गोठतात, तोच विषय पुन्हा घेऊन सुधारणा करता येत नाही. कोअरचा जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान 2.3 लागतो. आपल्या घरांत ग्रेडची चिंता नसते, फसगत होते ती विषयाच्या नावात. शाळा क्रेडिट देते म्हणजे एनसीएए देईलच असं नाही. एनसीएएचं पात्रता तपासणारं ऑफिस म्हणजे एलिजिबिलिटी सेंटर; त्याच्या साइटवर शाळेचा सहा आकडी ओळख क्रमांक (सीईईबी कोड) टाकला की मान्य विषयांची यादी येते. दर वर्षी विषय निवडण्याआधी ती उघडा, काउन्सेलरवर सोडू नका. आठवीत केलेला अल्जेब्रा धरला जातो, पण तो हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसकट दिसायला हवा. एसएटी या प्रवेश परीक्षेची एनसीएएची अट 2023 मध्ये गेली. कॉलेज स्वतः मागू शकतं, तो भाग वेगळा.

स्विमिंगमध्ये पहिल्या डिव्हिजनचे कोच दहावीनंतरच्या 15 जूनआधी रिक्रूटिंगचं उत्तर देऊ शकत नाहीत. कॅम्पची माहिती किंवा प्रश्नावली फक्त पाठवता येते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये केलेल्या मेलला शांतता मिळाली तर ती नकार समजू नका. मेल तेव्हाच जायला हवा, कारण 15 जूनला कोणाला फोन करायचा ही यादी आधीच तयार असते. कॅम्पस व्हिजिट 1 ऑगस्टपासून.

मेल मुलीनेच लिहायचा. आईबाबांची भाषा कोच दुसऱ्या ओळीत ओळखतो. विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, मुख्य प्रकार आणि टायमिंग. आत तीन-चार टायमिंग तारखेसकट, जीपीए, क्लब कोचचा नंबर, पुढच्या मीट्स. त्या टीमबद्दल एक खरी ओळ. कॉपी-पेस्ट करताना आधीच्या कोचचं नाव राहिलं की संपलं.

टीम आपल्या पातळीची आहे का हे वेबसाइटवरच्या फोटोंवरून कळत नाही. त्यांच्या कॉन्फरन्स चँपियनशिपचे निकाल काढा. बहुतेक ठिकाणी पहिल्या 24 जणांना गुण मिळतात. आजच्या टायमिंगने 16 ते 24 मध्ये बसत असाल तर मेल करायला अर्थ आहे. कॉलेजचे निकाल यार्डात असतात, हेही लक्षात ठेवा. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, आणि 100 मीटरला 50 मीटरच्या तलावात एक वळण असतं, तर 100 यार्डांना 25 यार्डांच्या तलावात तीन. बालेवाडीत पोहणाऱ्या मुलांनी टायमिंगपुढे ‘लाँग कोर्स मीटर’ असं स्पष्ट लिहावं, यार्डात बदललेला आकडा द्यायचाच तर शेजारी द्यावा. भारतातून येणाऱ्यांना नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात, तेव्हा नववीची फाइल टाकून देऊ नका.

तिसरी डिव्हिजन हलकी समजणं ही माझ्या मते आपल्या लोकांची सगळ्यात महागडी चूक. एमआयटी, एमरी, शिकागो तिथेच आहेत. खेळाची स्कॉलरशिप नाही, पण कोचशी कधीही बोलता येतं, आणि अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच ट्रान्सक्रिप्ट अॅडमिशन ऑफिसला आधी दाखवून अंदाज घेतो. त्यामुळे अकरावीचे ग्रेड इथे टायमिंगइतकेच बोलतात.

2025-26 पासून पहिल्या डिव्हिजनच्या बऱ्याच कॉलेजांत स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी टीमच्या संख्येवर मर्यादा आली, स्विमिंगला 30. फोनवर ‘जागा आहे’ म्हणाले तर लगेच विचारा: 30 मधली का, आणि पैसे किती. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे कॉलेज पक्कं करणारं सहीचं पत्र, 2024 मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. तोवर तोंडी होकार दोन्ही बाजूंनी मोडता येतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या कॉलेजच्या कोचला उत्तरं देणं थांबवू नका.